सागादात पहिल्यांदा जाताना: एका फिलिपिनो डोंगरी म्युनिसिपालिटीची ओळख

सागादाचं नाव ज्यांनी ऐकलंय, त्यांनी बहुधा एकच फोटो पाहिलेला असतो: चुनखडीच्या उभ्या कड्यावर टांगलेल्या लाकडी शवपेट्यांचा. तो फोटो काढून परत फिरणं सोपं आहे. मग गाइड घ्यायची सक्ती कशाला, आज धबधब्याची वाट बंद का, ही पावती कसली, अशा प्रश्नांनी चिडचिड होते आणि माणूस तक्रारी घेऊन घरी येतो. माझं म्हणणं असं की ही सक्ती, हे बंद दिवस आणि या पावत्या म्हणजेच सागादाचा कारभार आहे. 2020 च्या जनगणनेत या म्युनिसिपालिटीची लोकसंख्या 11,510 होती. एवढीशी वस्ती आपली जमीन, पाणी आणि मिळकत स्वतःच्या हातात कशी ठेवते, ते यातूनच कळतं. म्हणून हा लेख प्रेक्षणीय स्थळांच्या क्रमाने नाही, कारभाराच्या क्रमाने लिहिला आहे. चार-पाच दिवस हातात असतील तर याच क्रमाने जा.

पायरी 1: पोहोचा, पण घाई न करता

8 जून 2025 पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी फिलिपिन्समध्ये 14 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. ही मुदत वाढवून मिळत नाही. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन देश, सिंगापूर किंवा ब्रिटनचा वैध व्हिसा वा वास्तव्य परवाना जवळ असेल तर 30 दिवस मिळतात. परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचं आरक्षण हाताशी ठेवा. ई-ट्रॅव्हल नावाची ऑनलाइन नोंदणी विमान उतरण्याआधीच्या 72 तासांत करायची असते. असे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या.

मनिलाहून सागादाला थेट रात्रीची बस आहे, साधारण बारा तासांची. मी मात्र वाटेतल्या बागियो या डोंगरी शहरात मुक्काम करून दिवसाच्या बसने जायला सांगेन. बागियो ते सागादा सुमारे 140 किलोमीटर आहे आणि पाच-सहा तास लागतात. हा हाल्सेमा हायवे आतोकजवळ 2,200 मीटरच्या वर चढतो. खिडकीतून दिसतात ते कोबी, बटाटा आणि गाजराचे उतारावरचे मळे. कॉर्डिलेराची, म्हणजे या सगळ्या डोंगराळ प्रदेशाची, अर्थव्यवस्था तुम्हाला इथेच पहिल्यांदा भेटते, आणि रात्रीच्या बसमध्ये ती झोपेत निघून जाते. जून ते ऑक्टोबर हे वादळांचे महिने. या रस्त्यावर दरडी कोसळतात आणि वाहतूक थांबते, म्हणून त्या काळात जाणार असाल तर परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तापमान 10 अंशांच्या आसपास किंवा खाली उतरतं. फिलिपिन्स म्हणजे समुद्र आणि उकाडा, असं धरून सुती कपडे भरून आलेली माणसं इथे कुडकुडतात.

पायरी 2: आधी नकाशा पाहा

फिलिपिन्समध्ये म्युनिसिपालिटी म्हणजे फक्त बाजारपेठेचं गाव नसतं. आजूबाजूच्या वाड्या, भातखाचरं, जंगल, डोंगर, सगळं तिच्या हद्दीत येतं. या प्रदेशांचे पुढे भाग पडतात ते बरांगाय. वरच्या अंगाला प्रांत असतो. सागादा माउंटन प्रॉव्हिन्समध्ये आहे, प्रांताची राजधानी बोन्तोक. प्रांतात म्युनिसिपालिट्या दहा आणि सागादात बरांगाय एकोणीस.

या एकोणिसांची नावं पाठ करायची गरज नाही, दिशा तेवढ्या लक्षात ठेवा. मध्यभागी पाताय, दागदाग आणि देमांग. म्युनिसिपल हॉल, चर्च, खानावळी आणि बसथांबा या भागात सापडतात. उत्तरेला बांगाआन, फिदेलिसान, आगिद ही गावं. बोमोद-ओकचा मोठा धबधबा तिकडेच. पूर्वेला किलोंग, तेतेपान आणि आन्तादाव. या तीन नावांचे तुकडे जोडून किल्तेपान हे सूर्योदयाच्या टेकडीचं नाव तयार झालंय. दक्षिणेला आम्बासिंग, बालुगान, सुयो. सुमागिंग आणि लुमियांग या गुहांचा रस्ता आम्बासिंगवरून जातो. पश्चिमेला दानुम नावाचं छोटं तळं लागतं, आणि त्यापुढे बेसाओ ही शेजारची म्युनिसिपालिटी. एक गोष्ट आठवणीने तपासा: बांगाआन नावाचं दुसरं गाव इफुगाव प्रांतात बानावेजवळ आहे, जागतिक वारशातल्या भातखाचरांचं. आरक्षण करताना दोन्हींची गल्लत होऊ शकते.

उंची सुमारे 1,500 मीटर, खाली चुनखडी. इथला बराचसा भूगोल या खडकात आहे. पावसाचं पाणी खडकात मुरतं, भुयारांतून वाहतं आणि मैल-दीड मैलावर झऱ्याच्या रूपाने वर येतं. गुहा त्यानेच कोरल्या, आणि शवपेट्या ठेवायला कोरडे, उभे कडेही त्यानेच दिले. पण याच कारणामुळे पाण्याची चणचणही आहे. इतका पाऊस पडूनही कोरड्या महिन्यांत झरे आटतात, नेमके त्याच महिन्यांत पर्यटक सर्वांत जास्त असतात. घराच्या मालकिणीने अंघोळीला एक बादली पाणी दिलं तर दुसरी मागू नका. तेच झरे खाचरांनाही पाणी देतात.

पायरी 3: पर्यटन कार्यालयात नोंद करा

सामान खोलीवर टाकलं की पहिलं काम हेच. पर्यटन कार्यालयात नाव लिहायचं, पर्यावरण शुल्क भरायचं आणि पावती जपून ठेवायची. ती वाटेवर तपासली जाते. गुहा, एको व्हॅली (टांगलेल्या शवपेट्यांची दरी), बोमोद-ओक अशा ठिकाणी नोंदणीकृत गाइडशिवाय जाता येत नाही. गाइडांच्या संघटना आहेत. प्रत्येक जागेचा दर आणि एका गाइडमागे किती माणसं, हे ठरलेलं असतं आणि फलकावर लिहिलेलं असतं. दर गटामागे असल्यामुळे एकटे असाल तर तिथेच थांबून दुसऱ्या एखाद्या गटाला सामील व्हा, खर्च वाटला जातो. घासाघीस करू नका. ठरलेल्या दरामुळे गाइडांना आपापसात दर पाडावे लागत नाहीत, आणि शेतातली कामं संपल्यावर इथल्या कितीतरी तरुणांची घरं त्याच पैशावर चालतात.

गुहेत गाइड का लागतो हे सुमागिंगमध्ये पाच मिनिटांत समजतं. निसरडे दगड, कमरेइतकं पाणी, गॅसबत्तीचा उजेड. लुमियांगच्या तोंडाशी जुन्या शवपेट्या एकावर एक रचलेल्या आहेत. तिथून आत शिरून सुमागिंगला बाहेर पडणारी वाट तीन-चार तासांची आहे. गुडघे-कंबर धड असेल तरच तिकडे वळा. 2001 च्या राष्ट्रीय गुहा कायद्याने लवणस्तंभ तोडणं किंवा आतून काही उचलून आणणं हा गुन्हा आहे.

शवपेट्यांना हात लावायचा नाही, त्यांच्याखाली उभं राहून हसत-खिदळत फोटो काढायचे नाहीत. त्यात कुणाचे तरी आजोबा-पणजोबा आहेत, आणि त्यांची नातवंडं कदाचित तुम्हाला सकाळी कॉफी देणाऱ्या घरातली असतील.

पायरी 4: म्युनिसिपल हॉलची भिंत वाचा

पर्यटक इथे फक्त शुल्क भरतात. तुम्ही अर्धा तास आणखी द्या.

फिलिपिन्सच्या प्रत्येक सरकारी कार्यालयात सिटिझन्स चार्टर लावलेला असतो: कोणत्या कामाला कोणती कागदपत्रं, किती पैसे, किती वेळ, कोणत्या टेबलावर. 2018 च्या कायद्याने साध्या कामाला तीन, गुंतागुंतीच्या कामाला सात आणि फार तांत्रिक कामाला वीस दिवसांची मर्यादा घातली आहे, तीही कामकाजाच्या दिवसांची. अंदाजपत्रक, खरेदी, निधीचा वापर यांची माहितीही दर्शनी भागात लावायचा नियम आहे. हे कागद इंग्रजीत असतात, त्यामुळे आपल्याला वाचता येतात.

कारभाराचा पाया 1991 चा स्थानिक शासन कायदा. मेयर आणि व्हाइस मेयर थेट निवडून येतात, आणि पक्षाने नव्हे तर स्वतंत्र मतांनी, त्यामुळे दोघं विरुद्ध गटांचे असू शकतात. कायदे करणाऱ्या सभेचं नाव सांगुनियांग बायान. तिच्यात निवडून आलेले आठ सदस्य असतात आणि अध्यक्षपद व्हाइस मेयरकडे. शिवाय सगळ्या बरांगाय प्रमुखांचा एक प्रतिनिधी, युवा मंडळांचा एक आणि आदिवासी समाजाचा एक. मुदत तीन वर्षांची, आणि सलग तीनदाच एका पदावर राहता येतं. मागची निवडणूक मे 2025 मध्ये झाली. इथे झालेला ठराव बोन्तोकला प्रांताच्या सभेकडे तपासायला जातो.

आता पैसा. केंद्र सरकारच्या करांतला 40 टक्के वाटा देशभरच्या स्थानिक संस्थांना मिळतो. त्यातले प्रांतांना 23, शहरांना 23, म्युनिसिपालिट्यांना 34 आणि बरांगायांना 20 टक्के. म्युनिसिपालिट्यांमधली वाटणी निम्मी लोकसंख्येवर, पाव क्षेत्रफळावर आणि पाव सगळ्यांना सारखी. म्हणजे माणसं कमी, तर पैसा कमी. सागादात वस्ती विरळ, मोठा उद्योग नाही, त्यामुळे स्वतःच्या करांचं उत्पन्न तुटपुंजं. उत्पन्नाच्या प्रतवारीत, जिथे पहिला वर्ग सर्वांत श्रीमंत, सागादा बराच काळ पाचव्या वर्गात होतं. पर्यटकांची संख्या मात्र या सूत्रात कुठेच धरलेली नाही. सुट्टीत हजारो माणसं आली तरी त्यांच्या कचऱ्याचा, पाण्याचा आणि गाड्यांचा खर्च साडेअकरा हजारांच्या हिशोबाने आलेल्या निधीतून करायचा. तुम्ही भरलेलं पर्यावरण शुल्क ही तूट थोडीफार भरून काढतं. माझ्या मते ते आणखी वाढवायला हवं.

पायरी 5: बरांगाय हॉलमध्ये जाऊन नमस्कार करा

एखाद्या वाडीत मुक्काम करणार असाल, अभ्यासासाठी लोकांशी बोलणार असाल किंवा मळ्यात जाऊन फोटो काढणार असाल, तर त्या बरांगायच्या हॉलमध्ये आधी जा. प्रमुखाला पुनोंग बरांगाय म्हणतात, बोलताना सगळे 'काप' म्हणतात. त्यांच्यासोबत सात कागावाद असतात, म्हणजे सदस्य. युवा मंडळ वेगळं, त्याच्या पदाधिकाऱ्यांचं वय 18 ते 24, आणि बरांगायच्या सर्वसाधारण निधीचा दहावा हिस्सा कायद्याने त्यांच्या हाती. एवढ्या कमी वयात निधीचा हिशेब ठेवायला शिकवणारी ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते.

वयाने मोठ्या माणसाला 'मानोंग', बाईला 'मानांग' म्हणा. हे शब्द इलोकानो भाषेतले, लुझोन या बेटाच्या उत्तर भागात (सागादा त्यातच येतं) सर्रास चालतात. खूप वृद्ध माणसाला 'आपो'. घरातली भाषा कांकानाए. तिच्यात आभार मानायला 'इयामान' म्हणतात. इंग्रजी जवळपास सगळ्यांना येतं, त्याला कारण जुनं आहे. 1904 मध्ये अमेरिकन एपिस्कोपल (अँग्लिकन पंथाच्या अमेरिकन शाखेचे) मिशनरी जॉन स्टॉन्टन इथे आले, चर्च उभं राहिलं, आणि पुढे सेंट मेरीज शाळा निघाली. कॅथलिक देशातलं हे अँग्लिकन गाव.

बरांगायचं खरं वजन भांडणांत दिसतं. एकाच म्युनिसिपालिटीत राहणाऱ्या दोघांचा बांधाचा, उधारीचा किंवा शिवीगाळीचा वाद असेल तर तो आधी बरांगायपुढे न्यावा लागतो. ती पायरी टाळली तर कोर्ट दावा परत पाठवू शकतं. काप पंधरा दिवस समेटाचा प्रयत्न करतात. जमलं नाही तर लुपोन या दहा ते वीस जणांच्या मंडळातून तीन जण निवडून त्यांच्यापुढे बसतात. वकील आणता येत नाही. झालेला समेट कायद्याने बांधील असतो.

पायरी 6: दाप-आय, म्हणजे कागदावर नसलेलं सरकार

पायरी 4 आणि 5 फिलिपिन्सच्या कोणत्याही म्युनिसिपालिटीला लागू होतात. सागादा वेगळं होतं ते इथे.

देमांगच्या वस्तीत फिरताना दगडी फरसबंदीचं एक गोल आवार दिसेल. मध्ये आगटी, कडेला टेकून बसायचे उभे दगड, शेजारी बसकी झोपडी. हे दाप-आय. पूर्वी मुलगे रात्री इथेच झोपायचे आणि म्हाताऱ्यांच्या तोंडून रीतभात शिकायचे. आजही वस्तीतले ज्येष्ठ इथे जमतात आणि शेतीच्या कामांचा क्रम आणि बेग्नास या विधीचा दिवस ठरवतात. बेग्नास पेरणी आणि कापणीच्या चक्राला बांधलेला असतो. डुक्कर कापलं जातं, गोंग वाजतात, पुरुष रांगेने पवित्र झाडाकडे जातात.

त्याला जोडून येतो ओबाया, विसाव्याचा दिवस. शेतात कुणी उतरायचं नाही आणि वस्तीत बाहेरच्याने शिरायचं नाही. आपल्याकडे अजून कितीतरी गावं वार पाळतात, त्या दिवशी नांगर धरत नाहीत, तसंच हे. फिदेलिसानच्या बाजूला ओबाया असला की बोमोद-ओकची वाट बंद. त्याची तारीख कुठल्या संकेतस्थळावर आधी मिळत नाही, कारण ज्येष्ठ ती शकुन पाहून ठरवतात. म्हणून पर्यटन कार्यालयात रोज सकाळी विचारा, आणि धबधबा शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. वाट बंद असेल तर जास्त पैसे देऊन ती उघडेल का, असं गाइडला विचारूसुद्धा नका.

दाप-आयचा शब्द फक्त विधींपुरता नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस सरकारी सैन्य आणि न्यू पीपल्स आर्मीचे कम्युनिस्ट बंडखोर यांच्या झटापटीत सागादातली मुलं मारली गेली. तेव्हा गावाने एकत्र येऊन दोन्ही बंदुकधाऱ्यांना गावाबाहेर जायला सांगितलं आणि स्वतःला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलं. ही मागणी वरून आलेली नव्हती. दाप-आयमध्ये, चर्चमध्ये आणि म्युनिसिपल हॉलमध्ये एकच माणसं बसत होती, म्हणून ती उभी राहू शकली.

जमिनीचंही तसंच. पाइनची राखीव रानं, ज्यांना इथे बातांगान म्हणतात, घराण्यांच्या आणि वस्तीच्या ताब्यात आहेत. लाकूड कुणी, कशासाठी तोडायचं याचे नियम पिढीजात आहेत. 1997 च्या आदिवासी हक्क कायद्याने वडिलोपार्जित भूमीवरचा हा हक्क मान्य केला, आणि बाहेरच्या कुठल्याही प्रकल्पाला तिथल्या समाजाची आगाऊ, मोकळेपणाने दिलेली संमती लागते. परदेशी माणसाला फिलिपिन्सच्या राज्यघटनेने जमीन विकत घेताच येत नाही. डोंगरातला छोटा प्लॉट कुणी दाखवू लागलं तर तिथेच विषय संपवा.

पायरी 7: शनिवारी बाजारात जा

शनिवार हा बाजाराचा दिवस. मुक्कामात एक शनिवार येईल असं ठरवा.

भाताचं पीक या उंचीवर बहुतेक ठिकाणी वर्षातून एकच येतं आणि घरातच खपतं. रोख पैसा येतो भाजीपाल्यातून. माल ट्रकने हाल्सेमावरून बागियोशेजारच्या ला त्रिनिदादच्या घाऊक बाजारात जातो, म्हणजे दरड कोसळली की मळ्यात कोबी सडतो. संत्री इथली ओळख आहेत. अराबिका कॉफी परसातल्या झाडांवर येते, उन्हात अंगणात वाळते, आणि प्रमाण थोडं असल्यामुळे बरीचशी इथल्याच खानावळींत संपते. घरी न्यायची असेल तर भाजलेल्या बियाच घ्या. हातमागाच्या पिशव्या टिकाऊ आणि वाजवी दराच्या असतात. शेवटचा मोठा आधार म्हणजे बागियो, मनिला आणि परदेशांत काम करणाऱ्या मुलामुलींनी पाठवलेले पैसे. नवं सिमेंटचं घर दिसलं तर त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

पर्यटन 2014 च्या अखेरीस आलेल्या एका लोकप्रिय चित्रपटानंतर एकदम फुगलं. त्याचा पैसा मुख्यतः मधल्या तीन बरांगायांतल्या एकाच रस्त्याभोवती फिरतो. तो थोडा पसरावा असं वाटत असेल तर एक रात्र आम्बासिंग किंवा उत्तरेकडच्या एखाद्या वाडीत घरगुती मुक्काम करा.

शाकाहारी माणसाचं इथे उपाशी मरण होत नाही. लाल तांदळाचा भात, स्थानिक भाज्या, घरचं दही मिळतं. फक्त मागताना मांस, मासे आणि बागोओंग ही माशांची आंबवलेली चटणी, तिन्ही नको असं वेगवेगळं सांगा. मांसाहारी असाल तर एताग हे खारवलेलं, धुरावलेलं डुकराचं मांस नक्की चाखा. रोख पेसो बागियोतूनच आणा. कचरा वेगळा करून द्या, प्लास्टिकच्या बाटल्या परत बागियोला घेऊन जा. रात्री गाव लवकर बंद होतं, त्यामुळे जेवण आठच्या आत उरका.

1 नोव्हेंबरच्या संध्याकाळी चर्चमागच्या दफनभूमीत पानाग-आपोय असतं. पूर्वजांच्या थडग्यांपाशी मेणबत्त्यांऐवजी पाइनच्या राळदार ढलप्या पेटवतात आणि सगळा उतार धगधगतो. त्या दिवसांत खोल्या मिळणं कठीण असतं, आणि गर्दीमुळे गावकऱ्यांना स्वतःच्या माणसांच्या थडग्यापर्यंत पोहोचायला त्रास होतो. गेलात तर कडेला उभे राहा, फ्लॅश बंद ठेवा.

पायरी 8: परतताना बोन्तोकमार्गे

आलात त्याच रस्त्याने परत जाण्यापेक्षा सकाळची जीपनी (जीपसारखी प्रवासी गाडी) पकडून बोन्तोकला उतरा. अंतर सुमारे 18 किलोमीटर, तासाभराच्या आत पोहोचता. प्रांताची कचेरी आणि प्रांतसभा इथे आहे, म्हणजे सागादाचे ठराव ज्या टेबलावर तपासले जातात ते गाव. बोन्तोकचं संग्रहालय लहान आहे पण नीट मांडलेलं, तासभर द्याच. तिथून बानावेला गाड्या मिळतात. बानावेहून मनिलाची रात्रीची बस आहे. तिचं तिकीट आदल्या दिवशीच काढून ठेवा, सुट्टीच्या शनिवार-रविवारी ऐनवेळी जागा मिळत नाही.